सायलेन्सरच्या चकाकीमागचा माणूस

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोल्हापुरातल्या कुठल्याही गल्लीत जा. पाइप, बादली आणि शाम्पू घेऊन सगळे आपापल्या गाडीला भिडलेले दिसतील. बॉनेट चकाचक, काचा चकाचक, झेंडूची माळ तयार. फक्त मागे सायलेन्सरचं तोंड काळंकुट्ट! मग कुणी भांड्याची तारेची घासणी आणतो, कुणी मीठ-लिंबू, तर कुणी थेट बाथरूममधलं अ‍ॅसिड. भावा, थांब जरा! त्या नळीच्या टोकाला जी चकाकी आपण शोधतोय, तिच्यामागे एक माणूस आहे. त्याची गोष्ट कळली की काय लावायचं आणि काय नाही, हेही कळतं. त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली.

हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये झाला. शेफील्ड म्हणजे स्टीलचं आणि चाकू-सुऱ्यांचं गाव. आपलं उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एकत्र करा आणि वर कायमचा धूर सोडा, म्हणजे थोडा अंदाज येईल. वडील भट्टीवर स्टील वितळवायचे. घर लहान, खाणारी तोंडं जास्त. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं वडिलांच्याच थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्यात लागलं. पुढे तिथल्या केमिकल लॅबमध्ये बाटल्या धुण्याचं काम मिळालं. लॅबचे प्रमुख जेम्स टेलर यांनी या पोराची हुशारी ओळखली आणि त्याला शिकायला लावलं. दिवसा बाटल्या, रात्री अभ्यास. कॉलेजची डिग्री त्याला कधीच मिळाली नाही. पण तिशीपर्यंत स्टीलच्या अ‍ॅनालिसिसमधला जाणकार म्हणून त्याचं नाव झालं होतं आणि १९०२ साली त्या विषयावरचं पुस्तकही सहलेखकाबरोबर छापून आलं. (इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायलाच हवं!)

मधली काही वर्षं ते रशियन साम्राज्यातल्या रिगा शहरात कारखाना सांभाळत होते. १९०८ मध्ये शेफील्डच्या दोन कंपन्यांनी मिळून रिसर्च लॅब काढली आणि तिची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१९१२ साली एका बंदुका बनवणाऱ्या कंपनीचा प्रॉब्लेम त्यांच्याकडे आला. गोळ्या झाडून झाडून बंदुकीची नळी आतून झिजायची. कारण गंज नव्हे, तर आतून जाणारे तापलेले गॅसेस. म्हणजे बघा, आपल्या सायलेन्सरचाच मोठा भाऊ! ब्रिअर्लींनी विचार केला की क्रोमियम वाढवलं तर स्टील जास्त उष्णता सोसेल. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी एक मेल्ट घेतला, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता.

पुढचा भाग मेटलर्जीचं प्रॅक्टिकल केलेल्यांना लगेच कळेल. आपण सॅम्पल एमरी पेपरवर घासतो, आधी जाड मग बारीक, दर वेळी ९० अंशात फिरवून. मग मखमलीच्या कापडावर पॉलिश करून आरसा झाला की नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक अ‍ॅसिड लावायचं. अ‍ॅसिडनं पृष्ठभाग थोडा खाल्ला की मायक्रोस्कोपखाली ग्रेन्स दिसतात. ब्रिअर्लींच्या सॅम्पलवर अ‍ॅसिडचा परिणामच होईना! आपल्यापैकी कुणी असता तर केमिकल जुनं आहे म्हणून शेजारच्याच्या जर्नलमधून आकृती उतरवून मोकळा झाला असता. ब्रिअर्ली तिथेच थांबले. त्यांनी तुकड्यांवर व्हिनेगर आणि लिंबाचा रसही लावून पाहिला. तरी डाग नाही. (भंगाराच्या ढिगात एक तुकडा चमकताना दिसला, अशीही दंतकथा सांगतात. मला लॅबवाली जास्त पटते.)

याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर करतं. हा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. ओरखडा पडला तर हवेत तो आपला आपण पुन्हा तयार होतो.

शोध लागला, पण कौतुक? कंपनीला त्यात फार रस नव्हता. ब्रिअर्लींना मात्र त्यात शेफील्डचे चाकू दिसत होते, कारण तेव्हाचे चाकू दररोज पुसून, घासून ठेवावे लागायचे. पहिल्या चाकूवाल्यांनी तक्रार केली की हे स्टील घडवायला अवघड आणि धारही लागत नाही. शेवटी मोसली कंपनीतले अर्नेस्ट स्टुअर्ट या ओळखीच्या माणसानं ते नीट घडवून दाखवलं. स्टेनलेस हे नावही त्यांचंच. ब्रिअर्ली त्याला न गंजणारं म्हणत होते, स्टुअर्टना डाग न पडणारं जास्त आवडलं.

एवढ्यात पेटंटचा वाद पेटला. शोध कुणाचा, माणसाचा की कंपनीचा? ब्रिअर्लींना त्यात स्वतःचा वाटा आणि नाव हवं होतं. कंपनी ऐकेना. १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ब्राउन बेलीज या दुसऱ्या कारखान्यात गेले. लहानपणापासूनचा कारखाना, वडिलांचा कारखाना, असा सोडणं सोपं नसणार. अमेरिकेचं पेटंट त्यांनी जॉन मॅडॉक्स नावाच्या गृहस्थांच्या मदतीनं मिळवलं, तेही १९१६ मध्ये. तिकडे एलवूड हेन्स यांनीही असाच दावा केला होता, पण पुढे दोघांची बाजू एकाच कंपनीत आली. खरं सांगायचं तर जर्मनीत क्रुप कंपनीनं १९१२ मध्येच क्रोमियम-निकेल स्टीलचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे जगातला पहिला कोण हा वाद संपत नाही. पण बाटल्या धुणारा पोरगा या वादात बरोबरीनं उभा आहे, हेच मला भारी वाटतं.

पहिल्या महायुद्धात चाकू बाजूला पडले. हे स्टील विमानाच्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी वापरलं गेलं. म्हणजे ताटातल्या काट्या-चमच्यात पूर्ण शिरण्याआधी ते जळालेल्या धुराच्या वाटेवर जाऊन बसलं होतं!

आपल्या सायलेन्सरच्या टोकाला मात्र बहुतेक वेळा त्याचं पुढचं भावंड असतं. ब्रिअर्लींच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफील्ड यांनी १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं स्टील आणलं. आजचं ३०४ ग्रेड त्याच घराण्यातलं.

आता खंडेनवमीकडे वळू. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. काजळी हा नुसता कार्बन असतो, ती साबणाच्या कोमट पाण्यानं आणि नायलॉनच्या घासणीनं बरीच निघते. उरलेल्याला मेटल पॉलिशची पेस्ट आणि मऊ फडकं. निळा-तपकिरी रंग दिसला तर तो मळ नाही, उष्णतेनं जाड झालेला ऑक्साइडचा थर आहे, त्याला पेस्ट आणि थोडा दम लागतो. खोल ओरखडे असतील तर प्रॅक्टिकलसारखंच, ओला एमरी पेपर, जाडाकडून बारीककडे. साध्या लोखंडी तारेची घासणी नको. तिचे कण चिकटून राहतात, तेच गंजतात आणि बदनाम स्टेनलेस होतं. मीठ-लिंबू देवघरातल्या तांब्यालाच ठेवा, आणि बाथरूमचं अ‍ॅसिड तर अजिबात नको. मिठातलं आणि त्या अ‍ॅसिडमधलं क्लोराइड नेमका तोच नॅनोमीटरचा थर फोडतं. टोक नुसतं क्रोम प्लेटिंगचं असेल तर एमरीही नको. प्लेटिंग उडालं की खालचं लोखंड उघडं पडतं आणि ते परत भरून येत नाही.

ब्रिअर्लींना १९२० मध्ये आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९२५ मध्ये ते ब्राउन बेलीजचे डायरेक्टर झाले. १९४१ मध्ये त्यांनी फ्रेशगेट नावाचा धर्मादाय ट्रस्ट काढला, म्हणजे ज्या शेफील्डमध्ये शिकायला पैसे नव्हते, तिथल्याच लोकांना मदत व्हावी म्हणून. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्रही आलं. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की इथं त्यांचं निधन झालं. आणि हो, ज्या बंदुकीच्या नळीसाठी हे सगळं सुरू झालं, तिच्यासाठी कंपनीनं ते स्टील घेतलंच नाही.