अर्थशास्त्राचा एक थोर विद्यार्थी

सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्राच्या परीक्षेसाठी आपण उत्पादनाच्या घटकांच्या व्याख्या पाठ करतो. इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विषय कसा अभ्यासला, हे विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले व कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम. ए. झाले. पुढे लंडनला अभ्यास चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले.

१९१८ साली एका लेखात त्यांनी दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही; त्यावर राबणारे श्रम व भांडवल यांच्याशी जमिनीचे प्रमाण काय, यावरून ते ठरते. पुस्तकातील घटक त्यांनी असे शेतकऱ्याच्या प्रश्नाला लावून पाहिले.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठविले व १९२० साली पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. निष्कर्ष कायम ठेवून त्यांनी तो नव्याने मांडला आणि १९२३ साली डी. एससी. पदवी मिळविली.

समजून केलेला अभ्यास परीक्षकापुढेही डगमगत नाही, तो असा.