चारचौघांत न बोलायचं बोलणारे र. धों.

रघुनाथराव म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि या कामापायी नोकरीवर पाणी सोडलं. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी राहिल्या, हे विशेष.

गुप्तरोग म्हणजे पापाचं फळ, असं लोक मानायचे. रघुनाथरावांनी त्याला इतर रोगांसारखाच रोग मानलं आणि त्यापासून बचाव कसा करावा, यावर चक्क पुस्तक लिहिलं. कित्येक घरांत नवरा बाहेरून दुखणं आणायचा आणि सोसायची बायको, तेही तोंड मिटून! (आता तरी कुठे बोलतो आपण? गरमी, परमा औषधानं बरे होतात. पण औषध नवऱ्यानंही घ्यायला हवं, नाहीतर पुन्हा तेच. निरोधनं धोका पुष्कळ कमी होतो. त्रास नसला तरी रोग अंगात असू शकतो, म्हणून गरोदरपणी गरमीची रक्ततपासणी करतात.)

१९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते सगळं उघड लिहीत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. मासिक मात्र १९५३ मध्ये रघुनाथराव गेले तोवर चालूच होतं.