लॉर्ड रदरफर्ड : उडालेल्या कणांचा हिशेब

आपली मुले शाळेत अणूचे चित्र काढतात तेव्हा मधोमध एक ठिपका देतात. तो ठिपका, म्हणजे अणुगर्भ, अर्नेस्ट रदरफर्ड यांनी शोधला. डोळ्यांनी पाहून नव्हे, हिशेब करून.

रदरफर्डही आपल्यासारखे बेटावरचेच. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर नेल्सनजवळ ३० ऑगस्ट १८७१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील चाके बनविणारे कारागीर व शेतकरी. आई पूर्वी शिक्षिका होती. घरात बारा मुले. शिष्यवृत्ती मिळेल तरच पुढचे शिक्षण. १८९५ साली इंग्लंडची शिष्यवृत्ती आधी दुसऱ्याच विद्यार्थ्याला मिळाली होती. त्याने ती नाकारली म्हणून यांचा नंबर लागला. केंब्रिजला जे. जे. टॉमसन हे गुरू लाभले. मग मॉन्ट्रिअल, १९०७ साली मँचेस्टर आणि १९०८ साली नोबेल पारितोषिक, तेही रसायनशास्त्राचे!

दुसरा कोणी एवढ्यावर स्वस्थ बसला असता. यांचे मोठे काम मात्र पुढेच होते. अणूत धन विद्युत सगळीकडे सारखी पसरलेली असते, असे टॉमसन मानीत. १९०९ साली गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनी धातूच्या पत्र्यावर अल्फा कण सोडले व अंधाऱ्या खोलीत पडद्यावरचे चमकारे एकेक करून मोजले. सुमारे ८,००० कणांत एक कण उलटा मागे येत होता. दाट आंब्यावर मुले खडे मारतात, तेव्हा बहुतेक खडे पानांतून पार जातात. एखादाच खोडावर आपटून परत येतो. अणूतही असे काही टणक असले पाहिजे.

पण अंदाज म्हणजे सिद्धांत नव्हे. नोबेल मिळविलेले हे प्राध्यापक संभाव्यतेचे गणित शिकायला होरेस लँब यांच्या वर्गात विद्यार्थ्यांबरोबर जाऊन बसले. मला तर पारितोषिकापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. १९११ साली त्यांनी गणित मांडले. सगळी धन विद्युत एका बिंदूशी एकवटली आहे असे धरले, तर ६० अंशांच्या दिशेला नऊ कण वळतील तेव्हा १२० अंशांच्या दिशेला एकच वळेल. कणांचा वेग निम्मा केला, तर वळणारे कण सोळापट होतील. गायगर व मार्सडेन यांनी सोन्याचा वर्ख वगैरे घेऊन लाखावर चमकारे मोजले. १९१३ साली हिशेब जुळला आणि गुरूचे मत मागे पडले.

१९१९ साली त्याच गुरूंच्या जागी ते केंब्रिजला गेले. त्याच वर्षी हायड्रोजनवर अल्फा कण सोडताना त्यांना दिसले की, टक्कर अगदी जवळून झाली की आपलाही हिशेब जुळत नाही. त्यांनी ते लपविले नाही, छापले. पुढे १९२१ साली त्यांचे शिष्य चॅडविक यांनी सहकाऱ्याबरोबर दाखविले की, गर्भाजवळ विद्युतबलाच्या नेहमीच्या नियमात न बसणारे जबरदस्त बल असते.

१९३१ साली लॉर्ड झाल्यावर त्यांनी किताबाला नेल्सनचेच नाव जोडले. १९ ऑक्टोबर १९३७ रोजी अंतर्गळाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या थडग्याजवळ त्यांची रक्षा ठेवलेली आहे.