न्यूयॉर्कमध्ये पुसलेली जात बडोद्याला परत आली

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, संध्याकाळी तेच परत आणावे लागे. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला की तहान तशीच. न्हावी हात लावत नसे, म्हणून थोरली बहीण केस कापत असे. पैशांची अडचण नव्हती बरं! हे रोज घडले की पोराला ते जगरहाटीच वाटते.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडन. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्या मुक्कामात पुसली गेली, असे बाबासाहेबांनी स्वतः नोंदवले आहे. आम्हाला ही नोंद त्यांच्या पदव्यांइतकीच मोलाची वाटते. माणूस तोच, भोवताल बदलला होता.

१९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला उतरले आणि स्टेशनवरच प्रश्न उभा राहिला: आपल्याला घेणार कोण? पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले. एक हिंदू, एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. घरात घ्यायला दोघांचीही तयारी झाली नाही. उच्चविद्याविभूषित भीमराव कामाठी बागेत मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले.