एमिल झाटोपेक आणि माझा पाय

'थोरांची ओळख' या सदरात या खेपेला मी लिहावं असं गुरुजींनी सांगितलं. याआधी इथं पुष्कळांनी आपल्या देशातल्या थोर माणसांवर लिहिलं आहे. मी मात्र परदेशातल्या एका धावपटूवर लिहिते आहे. त्याचं नाव एमिल झाटोपेक. नाव म्हणायला जड आहे, पण दोनतीनदा म्हटलं की जिभेवर बसतं. मी त्यालाच का निवडलं ते कळायला आधी माझ्या पायाची गोष्ट सांगावी लागेल. ती थोडक्यात सांगते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदशेकणीला, मी बाबांबरोबर बैल धुवायला बंधाऱ्यावर गेले होते. बाबांनी काठावरच थांब म्हणून बजावलं होतं. मी ऐकलं नाही. शेवाळावरून पाय घसरला आणि डाव्या पायाची नडगी मोडली. दवाखान्यात प्लास्टर घातलं. पोळा गेला, गणपती गेले, दसराही खाटेवरच गेला. प्लास्टर काढलं तेव्हा माझीच पोटरी मला ओळखू येईना. उजवी होती तशी होती आणि डावी वाळलेल्या तुराटीसारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले की हाड जुळलं आहे, पण पाय वापरात नव्हता म्हणून मांस उतरलं आहे. आधी नुसतं चालायचं, पळायचं दिवाळीनंतर पाहू.

आजीनं मात्र तिच्यापुरतं ठरवून टाकलं, की पोट्टीनं आता पळायचं नाव काढायचं नाही. काहून पळायचं, पळून कोणाचं भलं झालं, असं तिचं म्हणणं. मागच्या वर्षी केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत २०० मीटरमध्ये मी पहिली आले होते. त्याचं प्रमाणपत्र बाबांनी भिंतीला लावलं आहे. खाटेवर पडल्या पडल्या ते समोरच दिसायचं. शेवटी मी तोंड भिंतीकडून फिरवून झोपू लागले.

शाळेत परत आले त्या आठवड्यात गुरुजींनी परिपाठात झाटोपेकची गोष्ट सांगितली. ती माझ्यासाठीच सांगितली हे मला कळलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. पुढे मधल्या सुटीत मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारून सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यातलंच हे आहे.

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी कोप्रिव्हनित्से या गावी झाला. तेव्हा त्या देशाला झेकोस्लोव्हाकिया म्हणत. १९९३ साली त्याचे दोन देश झाले, आणि हे गाव आता झेक प्रजासत्ताकात आहे. वडील सुतारकाम करायचे. घरात भावंडं पुष्कळ आणि पैसा कमी. सोळाव्या वर्षी एमिल घर सोडून झ्लीन या गावी बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. आपल्याकडे दुकानावर बाटा नाव दिसतं ना, तो बाटा मूळचा तिथला.

लहानपणी तो धावपटू वगैरे काही नव्हता. १९४१ साली कारखान्यातल्या पोरांची पळण्याची शर्यत ठेवली होती. याचंही नाव त्यात घातलं. यानं अंग चोरलं, माझी तब्येत बरी नाही म्हणाला. तेव्हा त्याला डॉक्टरकडे पाठवलं, आणि डॉक्टरनं तपासून सांगितलं की पोरगा ठणठणीत आहे! मग काय करतो, पळाला. शंभर पोरांमध्ये दुसरा आला. तिथून त्याला पळण्याची गोडी लागली. (आपल्या वर्गातही पी.टी.च्या तासाला पोट दुखणारे काही जण आहेत, त्यांची नावं मी लिहीत नाही.)

पुढे तो सैन्यात गेला. त्याच्या सरावाची तऱ्हा अशी होती, की आधी पुष्कळांना ती वेडेपणाची वाटे. लांब पळणारे तेव्हा लांबच लांब एका चालीनं पळून सराव करायचे. यानं अंतराचे तुकडे पाडले. ४०० मीटर जोरात पळायचं, मग थोडं अंतर सावकाश जायचं, पुन्हा ४०० मीटर जोरात. असे वीस तुकडे, आणि त्यांच्या आधी व नंतर २०० मीटरचे पाच पाच. हे रोज. पुढे पुढे तर काही दिवस त्यानं ४०० मीटरचे शंभर तुकडे पळून काढले. हिशेब करा, ते ४० किलोमीटर होतात.

त्याच्या देशातली थंडी आपल्यासारखी नसते. आपण शेकोटीपाशी हात शेकले की भागतं. तिकडे बर्फ पडतो, रस्ते झाकून जातात. इतर खेळाडू हिवाळ्यात घरात बसायचे. झाटोपेक पायात सैनिकांचे जड बूट घालून बर्फातून, रानातून पळायचा. अंधार पडला तर हातात बॅटरी घ्यायचा. पहाऱ्यावर उभं राहायचं असलं तर जागच्या जागी पाय उचलून पळायचा. एकदा बाहेर पडता येईना, तर न्हाणीतल्या टबात धुण्याचे कपडे आणि पाणी घालून त्यावरच पळत राहिला. कपडेही धुतले गेले आणि सरावही झाला. हे ऐकून आमच्या घरी सगळ्यात जास्त आजी हसली. गोधड्या धुवायला असा माणूस पाहिजे म्हणाली.

त्याचा एक खुळा प्रकारही सांगून ठेवते. कामावर जाताना रस्त्याच्या कडेला झाडं होती. श्वास रोखून तो आज या झाडापर्यंत, उद्या पुढच्या झाडापर्यंत असा चालायचा. एक दिवस इतका वेळ श्वास रोखला की चक्कर येऊन पडला. गुरुजींनी सांगितलं आहे की हे कोणीही करून पाहायचं नाही.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं १०,००० मीटरमध्ये सुवर्णपदक आणि ५,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. त्याचं पळणं दिसायला मुळीच छान नव्हतं. मान एकीकडे पडलेली, तोंड वेडंवाकडं, जीभ बाहेर, आणि तोंडातून धापांचा आवाज. पाहणाऱ्याला वाटे, आता हा पडतो. लोकांनी त्याचं नाव झेक आगगाडी ठेवलं. वाशीमवरून पूर्वी लहान रुळांची गाडी जायची, तिचं कोळशाचं इंजिन असंच धापा टाकत यायचं, असं आमचे आजोबा सांगतात. मी आगगाडीचं चित्र काढलं आहे ते त्यासाठी. शेजारचा माणूस नीट जमला नाही.

आता १९५२ सालचं ऑलिंपिक. ते फिनलंड देशात हेलसिंकी शहरात भरलं. २० जुलैला झाटोपेकनं १०,००० मीटर जिंकलं. २४ जुलैला ५,००० मीटर जिंकलं. त्याच दिवशी त्याची बायको डाना हिनं भालाफेकीत सुवर्णपदक जिंकलं. गंमत म्हणजे दोघांचा जन्म एकाच वर्षी एकाच दिवशी झालेला! आणि या दोन शर्यतींच्या मधे, २३ जुलैला, त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं पदक. खाशाबांचा धडा आपल्याला माहीत आहे, पण त्याच आठवड्यात त्याच गावात झाटोपेकही होता हे मला माहीत नव्हतं.

दोन पदकं झाली तरी याचं समाधान झालं नाही. त्यानं मॅरेथॉनमध्ये नाव दिलं. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. वाशीमहून मालेगावला पायी जाऊन परत यायचं, साधारण तेवढं. यापूर्वी तो मॅरेथॉन कधीच पळला नव्हता. म्हणून तो इंग्लंडच्या पीटर्सच्या जोडीनं पळू लागला, कारण पीटर्स त्यातला मातबर समजला जाई. वाटेत यानं त्याला विचारलं की आपला वेग बरोबर आहे ना. पीटर्सनं सांगितलं की फारच हळू आहे. हे ऐकून झाटोपेक पुढे निघून गेला. पीटर्सच्या पायात गोळे आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. झाटोपेकनं ती २ तास २३ मिनिटांत जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही. १९५४ साली १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूसही तोच.

इथवरची गोष्ट मोठी आहे, पण मला जी हवी होती ती याच्या पुढची.

१९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ऑलिंपिक व्हायचं होतं. झाटोपेक तेव्हा चौतीस वर्षांचा होत आला होता. पायात जास्त जोर यावा म्हणून तो डानाला खांद्यावर घेऊन पळण्याचा सराव करू लागला. त्या ओझ्यानं त्याला हर्निया झाला. हर्निया म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला फट पडून आतडं बाहेर यायला पाहतं. शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी दोन महिने पळायचं नाही असं सांगितलं. हा दवाखान्यातून सुटला आणि दुसऱ्याच दिवशी पळायला लागला.

इथं मी गुरुजींना थांबवलं आणि विचारलं, की मग मीही दिवाळीपर्यंत कशाला थांबू? गुरुजी म्हणाले की यात झाटोपेकचं चुकलं असं त्यांना वाटतं. त्याचा पहिला जोर पुन्हा कधी आला नाही. घाई केली नसती तर आला असता का, हे कोण सांगणार. पण त्यानं केलं म्हणून आपणही करावं असं नाही, आणि तुझं हाड अकरा वर्षांचं आहे, असं ते म्हणाले. मला ते तेव्हा आवडलं नाही.

मेलबर्नला १ डिसेंबर १९५६ रोजी मॅरेथॉन झाली. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो, ऊन कडक होतं. झाटोपेक पळाला आणि सहावा आला. ज्यानं चार वर्षांपूर्वी तीन सुवर्णपदकं घेतली तो सहावा! शर्यत फ्रान्सच्या अलँ मिमूंनं जिंकली. हा मिमूं याआधी ऑलिंपिकमध्ये तीन वेळा दुसरा आला होता, आणि तिन्ही वेळा त्याच्या पुढे झाटोपेकच होता. जिंकल्यावर मिमूं निघून गेला नाही. तो रेषेपाशी झाटोपेकची वाट पाहत उभा राहिला. झाटोपेक आला तेव्हा मिमूंनं आपण जिंकल्याचं त्याला सांगितलं. झाटोपेकनं डोक्यावरची टोपी काढून त्याला सैनिकी सलाम केला आणि मग मिठी मारली.

पुढचं थोडक्यात लिहिते, कागद संपत आला आहे. १९६६ साली रॉन क्लार्क हा ऑस्ट्रेलियाचा धावपटू त्याला भेटायला गेला होता. क्लार्कनं पुष्कळ विक्रम केले, पण त्याला ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळालं नव्हतं. निघताना झाटोपेकनं त्याच्या हातात एक लहानशी पुडी दिली. क्लार्कनं ती नंतर उघडली, तर आत झाटोपेकचं १९५२ सालचं सुवर्णपदक होतं. १९६८ साली झाटोपेकनं आपल्या देशातल्या लोकांना मोकळेपणा मिळावा या बाजूनं उघड मत दिलं. त्यामुळे त्याची सैन्यातली नोकरी गेली आणि घरापासून लांब राहून अंगमेहनतीची कामं करावी लागली. नोव्हेंबर २००० मध्ये तो वारला.

आता राहिलं माझं. दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी पाय तपासून हळूहळू पळायला परवानगी दिली. आमच्या पांदणीनं विजेचे खांब आहेत. मी झाटोपेकसारखे तुकडे पाडले, पण माझ्या मापाचे. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. पहिल्या दिवशी चारच खांब झाले आणि रात्री नडगी ठणकली. दुसऱ्या दिवशी नुसती चालले. ठणकलं तर पळायचं नाही हे गुरुजींनी घालून दिलेलं. सकाळच्या गारठ्यात पाय लाकडासारखे असतात, म्हणून आधी मारुतीच्या पारापर्यंत भरभर चालून अंग गरम करायचं. हरभऱ्यावर दव असतं, कडेच्या गवतानं पाय ओले होतात. ओलिताला रात्रपाळीनं गेलेले बाबा त्याच वेळी घोंगडी पांघरून परत येतात, आणि मग आम्ही बरोबर घरी येतो. पौष लागेपर्यंत मी दहा खांब पळून एक खांब चालू लागले. आजी तोंडानं अजून नाहीच म्हणते, पण पायाला लावायचं तेल आता तीच गरम करून ठेवते.

जानेवारीत केंद्राची स्पर्धा झाली. फक्कीच्या रेषा आखल्या होत्या. २०० मीटरला आम्ही आठ जणी होतो आणि मी पाचवी आले. जी पहिली आली तिला मागच्या वर्षी मी मागं टाकलं होतं. मला रडू येत होतं हे खरं लिहिते. पण मला मिमूंची आठवण झाली, आणि मी तिच्याकडे गेले. सलाम करायची लाज वाटली, म्हणून नुसता हात मिळवला. तिनं माझा पाय कोणता मोडला होता ते विचारलं. मी दाखवला. तिनं वाकून दोन्ही पायांकडे पाहिलं आणि म्हणाली की ओळखू येत नाही.

ज्यांना सकाळी यायचं असेल त्यांनी पावणेसहाला पारापाशी यावं. स्वेटर घालून या. बॅटरी माझ्याकडे आहे.