मायमॉनिडीझ : धर्मवचन आणि वैद्यक

मध्ययुगीन ज्यू परंपरेतील थोर धर्मशास्त्रकार मोशे बेन मैमोन, म्हणजेच मायमॉनिडीझ, हा वैद्यही होता. त्यामुळे धर्मग्रंथांतील आरोग्यवचनांना वैद्यकाची कसोटी कितपत लावावी, हा प्रश्न त्याच्यापुढे केवळ तात्त्विक नव्हता. रुग्ण आणि धर्मनिर्णय मागणारे, असे दोघेही त्याच्याच दारी येत.

त्याचा जन्म इ. स. ११३८ च्या सुमारास स्पेनमधील कॉर्दोव्हा येथे झाला. ११४८ मध्ये अल्मोहादांनी ते शहर जिंकले आणि हे कुटुंब परागंदा झाले. मोरोक्कोतील फेझ व पुढे पॅलेस्टाइन असा प्रवास करून ते कैरोजवळच्या फुस्तात येथे स्थिरावले. घराचा भार धाकटा भाऊ दाऊद रत्नांच्या व्यापारावर वाहत असे. भारताकडे निघालेला दाऊद हिंदी महासागरात बुडाला. या आघाताने मायमॉनिडीझ सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला होता. त्यानंतर वैद्यकी हेच त्याच्या चरितार्थाचे साधन झाले. सलाहुद्दीनचा मंत्री अल्-काझी अल्-फाझिल याचा त्याला आश्रय लाभला. सुलतानाचा पुत्र अल्-अफ्दल याच्यासाठी त्याने आरोग्यनियमांवर अरबीत ग्रंथ लिहिला.

‘मिश्ने तोरा’ ही त्याची १४ खंडांची हिब्रू धर्मसंहिता ११८० च्या सुमारास पूर्ण झाली. मिताहार, व्यायाम, निद्रा व स्नान यांचे नियम त्याने तीत धर्माचरणाचाच भाग म्हणून घातले. रोगी देहाने ईश्वराचे ज्ञान साधत नाही, ही त्यामागची भूमिका. तालमूदमधील भुताखेतांविषयीचे व सम संख्येच्या भयाचे अनेक नियम मात्र त्याने वगळले. सर्पदंशावरील मंत्र निरुपयोगी असे सांगूनही, रुग्णाचे चित्त स्थिर राहावे म्हणून त्याने तो चालू दिला. उलट, जखमेवर धर्मवचने म्हणणे त्याने निषिद्ध ठरविले, कारण जे आत्म्याचे औषध त्याला देहाचा उतारा करणे त्याला मान्य नव्हते.

प्राचीन आचार्यांचे खगोलविषयक विचार त्यांच्या काळाच्या ज्ञानावर आधारलेले होते, असे त्याने आपल्या अरबी तत्त्वग्रंथात नोंदविले. पुत्र अब्राहमने हाच न्याय वैद्यकालाही लावला.

तथापि वैद्यकाच्या अधिकारालाही त्याने मर्यादा घातली. कोणत्या इजांमुळे पशू अभक्ष्य ठरतो, याची परंपरागत यादी तो पशू जगू शकतो असे वैद्यकाने दाखविले तरी बदलू नये, असा त्याचा निर्णय आहे. ग्रीक वैद्य गेलेनलाही त्याने प्रमाण मानून सोडून दिले नाही. वैद्यकीय सूत्रांच्या पंचविसाव्या प्रकरणात त्याने गेलेनमधील विसंगती दाखविल्या.

१२०४ मध्ये फुस्तात येथे त्याचे निधन झाले. वाद मात्र शमला नाही. अठराव्या शतकात विल्ना येथील गाओन एलिजा याने मंत्र व भुते नाकारल्याबद्दल त्याला दोष दिला आणि तत्त्वज्ञानाने त्याची दिशाभूल केली, असे ठरविले.