जगदीशचंद्र बोसांचे नरसाळे

१८५८ साली जन्मलेल्या जगदीशचंद्र बोसांना वडिलांनी मुद्दाम बंगाली शाळेत घातले. तेथे त्यांच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चाकराचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा पगार कमी, म्हणून तीन वर्षे त्यांनी तो घेतलाच नाही. शिकविणे मात्र सोडले नाही. पालकहो, घरावर कर्ज होते!

१८९५ मध्ये अदृश्य विद्युत लहरींनी त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली. पुढे लहरींची लांबी ५ मिलिमीटरपर्यंत आणली. अशा मंद लहरी तुमच्या-आमच्या अंगातूनही निघतात. त्या टिपून आज कपड्यांखाली लपविलेली वस्तू दिसते. काही यंत्रे तर जागची न हलता, केवळ विद्युत संकेत बदलून समोरचे दृश्य कणाकणाने न्याहाळतात. बोस १९३७ मध्ये वारले. लहरी गोळा करणारे त्यांचे धातूचे नरसाळे अशा अनेक यंत्रांत अजून असते.